मामांच्या उजव्या बाजूला

आमच्या आजोळच्या मुलांना काही नियम कारण न विचारता पाठ असत. तिन्हीसांजेनंतर विहिरीकडे जायचे नाही, कुळागराच्या पाटात चपला घालून उतरायचे नाही आणि मामांच्या उजव्या बाजूला बसायचे नाही. जीपमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ओसरीवरच्या बाकावर मामा नेहमी अशी जागा निवडत, की त्यांच्या उजवीकडे भिंत असावी किंवा कोणीच नसावे. पँटीबाहेर सोडलेल्या सैल बुशशर्टाखाली त्यांच्या कमरेला .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर असे. १९९४ सालापासून सव्वीस-सत्तावीस वर्षे, सकाळची आंघोळ आणि देवपूजा आटोपली की मनगटाला घड्याळ बांधावे तसे ते कमरेला अडकवत आणि रात्री निजण्यापूर्वी काडतुसे काढून गोदरेजच्या कपाटात ठेवत. एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही कोणावर रोखले नाही.

मामा गेल्यानंतर त्यांच्याविषयी बोलताना ही गोष्ट निघाली, की ऐकणारे दोनांपैकी एक अर्थ लावतात. काहींना वाटते, माणूस भित्रा असावा. काहींना वाटते, त्याला हुकमतीची हौस असावी. मी त्यांना आयुष्यभर जवळून पाहिले आहे आणि हे दोन्ही अर्थ मला अन्यायाचे वाटतात, म्हणून हे लिहिते आहे.

गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात बंदूक ही तशी नवलाची वस्तू नाही. रानडुकरे एका रात्रीत शेत उकरून ठेवतात, माकडे कोवळे नारळ खाली पाडतात, काजूच्या बागेत गवे शिरतात, आणि त्यासाठी अनेक घरांत शेतरक्षणाच्या परवान्याची एकनळी, दुनळी किंवा जुनी ठासणीची बंदूक असते. ती सगळ्या गावाला माहीत असते. रात्री बार झाला, तर तो कोणाच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, आला हे पलीकडच्या वाड्यावरचा माणूस अंथरुणातून सांगू शकतो. निवडणुका जाहीर झाल्या आणि शस्त्रे जमा करण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, की शेतकरी आपापल्या बंदुका गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यावर जातात आणि आता डुकरांना कोण आवरणार म्हणून कुरकुर करत परततात. त्या बंदुकीचा रोख जनावराकडे असतो, आणि म्हणून तिला लपण्याचे कारण पडत नाही. मामांच्या रिव्हॉल्व्हरचा रोख माणसाकडे होता. माणसांमध्ये वावरताना माणसासाठीच जवळ बाळगलेली वस्तू उघडी ठेवता येत नाही, हा साधा फरक माझ्या फार उशिरा लक्षात आला. कायद्यालाही तो मान्य आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी नेलेले पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते चारचौघांत परजायला मनाई आहे.

मामा काजूच्या बियांचा व्यापार करत. मार्च ते मे हा हंगाम. डोंगरावरच्या वाड्यांतून बायाबापे गोणी डोक्यावर घेऊन येत, मामा तागडीवर बिया तोलून घेत आणि पैसे तिथल्या तिथे हातावर ठेवत, कारण त्या पैशांवर त्या लोकांचे पावसाळ्यापर्यंतचे सामान भरायचे असे. त्यासाठी लागणारी रोकड ते बेळगावच्या व्यापाऱ्याकडून आणत. १९९३ च्या एप्रिलमध्ये अशीच रोकड घेऊन ते अनमोड घाटाने जीपमधून उतरत होते. सोबत ड्रायव्हर होता. एका वळणावर रस्त्यात झाडाची फांदी आडवी पडलेली दिसली, म्हणून ड्रायव्हर खाली उतरला, आणि त्याच क्षणी तीन माणसे झाडीतून बाहेर आली. दोघांच्या हातांत कोयते होते. त्यांनी पैशांची पिशवी घेतली, जीपची किल्ली घेतली आणि दोघांना रस्त्याच्या कडेला, डोंगराकडे तोंड करून उकिडवे बसवले. त्या काळी मोबाईल नव्हता. मोले गावचा तपासणी नाका बराच खाली होता. दुपारच्या त्या वेळी एकही गाडी आली नाही.

ही हकिकत घरात अनेकदा सांगितली गेली, पण तिचा शेवटचा भाग मामांनी मला एकटीला, पुष्कळ वर्षांनी सांगितला. जीपमध्ये मुलांसाठी घेतलेला कुंद्याचा पुडा होता. पाठ करून बसलेल्या मामांना पुड्याची दोरी तोडल्याचा आवाज आला, मग कागद उलगडल्याचा, आणि मग त्या तिघांपैकी कोणीतरी घाई न करता तो खात असल्याचा. मामा म्हणाले, “पैसे गेले त्याचे दुःख झाले, पण ते दोन हंगामांत भरून निघाले. तो माझ्या पोरांचा खाऊ माझ्या पाठीमागे उभा राहून खात होता आणि मी मातीकडे बघत बसलो होतो, ते मात्र अजून भरून आले नाही.”

ज्यांना रोज शस्त्र जवळ बाळगावेसे वाटते, त्यांच्यापैकी अनेकांच्या मनाच्या तळाशी असा कुंद्याचा पुडा असावा, असे मला वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात मरणाची भीती दिसते. पण मरणाची भीती माणसाला सहसा रस्ता बदलायला, धंदा सोडायला, घरात बसायला लावते. मामांनी यांतले काहीच केले नाही. पुढच्या हंगामात ते त्याच घाटाने गेले. त्यांना पुन्हा कधीही उकिडवे बसायचे नव्हते. भीती आणि ही भावना यांत अंतर आहे, आणि ते ओळखल्याशिवाय या माणसांशी बोलणे पुढे सरकत नाही.

परवान्यासाठी त्यांनी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अर्ज केला, चौकशा झाल्या, जबाब झाले आणि काही महिन्यांनी परवाना मिळाला. कानपूरच्या आयुध कारखान्याचे, सहा काडतुसांचे ते रिव्हॉल्व्हर पाऊण किलोच्या आतबाहेर वजनाचे होते. वर्षातून एकच दिवस ते सगळ्यांच्या दृष्टीस पडे. खंडेनवमीला कोयता, कुदळ, पारई आणि दुकानातली तागडी यांच्या शेजारी तेही पाटावर मांडले जाई. मामी त्याला हळदकुंकू लावत, झेंडूचे फूल वाहत आणि हात जोडताना डोळे मिटून घेत. एरवी मामी त्या वस्तूचे नावही घेत नसत.

त्या वजनाने मामांचे वागणे कसे घडवले हे मी पाहिले आहे. ते जत्रेच्या गर्दीत जाईनासे झाले, कारण गर्दीत कोणाचा हात कुठे लागेल याचा नेम नसतो. देवळात जायचे असले, की रिव्हॉल्व्हर कपाटात राही. दारू त्यांनी पूर्ण सोडली. ‘हे कमरेला असताना घोटभर घेणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा,’ असे ते म्हणत. भाटाच्या हद्दीवरून चुलतभावाशी वाद झाला तेव्हा तो मोठमोठ्याने बोलत राहिला आणि मामा हात मागे बांधून खाली पाहत उभे राहिले. लोकांना ते नमते घेणे वाटले. मला त्यांनी नंतर सांगितले, की हाताला हात पकडून ठेवण्याची त्यांना त्या दिवशी गरज भासली होती.

मामांचा मुलगा, माझा मामेभाऊ, गेली अठरा वर्षे अमेरिकेत टेक्सासमध्ये आहे आणि तोही रोज पिस्तूल बाळगतो. अनमोडच्या त्या दिवशी तो नऊ वर्षांचा होता आणि कुंद्याची वाट पाहत पायरीवर बसला होता. २०२२ च्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे दीड महिना राहिले, तेव्हा रोज सकाळी त्याला तयार होताना पाहत असे. कडक पट्टा, नेहमीपेक्षा एक माप मोठा शर्ट, पँटीच्या आतल्या बाजूला बसणारे होल्स्टर, आणि मग आरशासमोर वाकून, हात वर करून, कापडावर पिस्तुलाचा आकार उमटत नाही ना याची खात्री. ते सगळे पाहताना मला मामांचा बुशशर्ट आठवे.

त्याच्या राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने शस्त्र बाळगण्यास पात्र असलेल्या एकवीस वर्षांवरील माणसाला त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. आज अमेरिकेतील २९ राज्यांत अशी मुभा आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला आणि २०२२ मध्ये घराबाहेर बाळगण्यालाही तेच संरक्षण दिले. तरी भावाच्या दिवसाला पावलोपावली अडसर होते. टपाल कार्यालयात तेव्हा पिस्तूल नेता येत नव्हते, शाळेत नेता येत नाही, आणि ज्या ठिकाणी निम्म्याहून अधिक कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या मद्यातून होते, तिथे दारावर लाल अक्षरांत ५१ टक्क्यांची पाटी असते. तिच्या आत पिस्तूल घेऊन पाऊल टाकणे गुन्हा आहे. ती पाटी पाहिल्यावर मला आमची किनारपट्टी आठवली. रोज रात्री तिथे बाटली आणि बाचाबाची एकाच टेबलावर असतात. त्या टेबलाखाली आणखी काही असावे, या कल्पनेने आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मी त्याला विचारले, की रोज कशाला? रात्री उशिरा कुठे जायचे असले तर घे, एरवी राहू दे. त्यावर त्याने मला टेक्सासमधल्याच किलीन गावाची गोष्ट सांगितली. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी एका माणसाने तिथल्या उपाहारगृहात मोटार घुसवून गोळीबार सुरू केला आणि २३ जणांचा जीव घेतला. सुझाना हप नावाची एक स्त्री आईवडिलांबरोबर तिथे दुपारचे जेवत होती. तिचे रिव्हॉल्व्हर बाहेर मोटारीत होते, कारण तेव्हाच्या कायद्याने ते जवळ बाळगण्याला बंदी होती आणि तिला कायदा मोडायचा नव्हता. तिचे आईवडील दोघेही मारले गेले. पुढे ती या विषयावर जाहीरपणे बोलत राहिली, १९९५ मध्ये टेक्सासने परवान्याने छुपे शस्त्र बाळगण्याची मुभा दिली, आणि नंतर ती राज्याच्या विधिमंडळावर निवडून आली. भाऊ म्हणाला, “ताई, तो दिवस कोणता हे आधी कळत नाही. म्हणून रोज.”

मग त्याने कोलोरॅडोतल्या कॅसल रॉकचा खटला सांगितला. नवऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम हातात असलेली एक आई, तीन मुलींना बाप घेऊन गेला म्हणून पोलिसांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिली, ठाण्यावरही गेली. पहाटे तिन्ही मुलींचे मृतदेह त्याच्या गाडीत सापडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पोलिसांनी हुकूम अमलात आणावा असा राज्यघटनेने दिलेला हक्क तिला नव्हता. हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. मदत मागितली तरी ती येईलच असे नाही, आणि न आली तर कोणी उत्तर देण्यास बांधील नाही, हे एखाद्या देशाचे सर्वोच्च न्यायालय सांगते, तेव्हा तिथला माणूस कमरेकडे हात नेतो यात मला आश्चर्य वाटत नाही. २०१९ सालच्या पाहणीवरून संशोधकांनी काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे ६० लाख प्रौढ रोज भरलेले पिस्तूल जवळ बाळगत होते. चार वर्षांपूर्वीच्या पाहणीत हा आकडा ३० लाखांच्या आसपास होता.

त्याच्याजवळ मामांसारखीच एक शिस्त आहे. जेफ कूपर नावाच्या तेथील नेमबाजीच्या शिक्षकाने सावधपणाच्या पायऱ्यांना रंग दिले होते, पांढरा, पिवळा, नारिंगी, लाल, आणि बाळगणाऱ्याने घराबाहेर सदैव पिवळ्यात, म्हणजे निवांत पण सावध, असावे असे मानले जाते. उपाहारगृहात भाऊ दाराकडे तोंड करून बसे. पेट्रोल भरताना त्याचे डोळे फिरत राहत. गाडी चालवताना कोणी आडवे घुसले, शिवी दिली, तर तो हात वर करून माफी मागे. “पूर्वी मी उतरून भांडायचो,” तो म्हणाला, “आता भांडण सुरू झाले तर ते कुठे संपेल हे मला माहीत आहे.” त्याचे हे म्हणणे खरे आहे असे मी मानते, कारण मामांचे मागे बांधलेले हात मी पाहिले होते. पण अंगावर हे ओझे घेणारा प्रत्येक जण आपला हात आपणच धरून ठेवील, याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही.

आणि त्या वस्तूने तो घाटातला प्रसंग टळला असता का? हे मी मामांनाच विचारले होते. ते म्हणाले, नसता टळला. ड्रायव्हर खाली उतरलेला, कोयता त्याच्या मानेपाशी, अंतर चार पावलांचे. भावाने तेच गणिताने सांगितले. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते, की हातात धारदार शस्त्र घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात ओलांडतो, आणि तेवढ्याच वेळात कसलेला माणूसही कसाबसा पिस्तूल काढून गोळी झाडू शकतो. एकवीस फूट म्हणजे आमच्या आजोळच्या ओसरीच्या पायरीपासून तुळशीवृंदावनापर्यंतचे अंतर. मामांना हे गणित कोणी शिकवले नव्हते, तरी त्यांना ते माहीत होते. म्हणजे जे टाळण्यासाठी त्यांनी ते वजन पत्करले, ते त्या वजनाने टळणारे नव्हते, हे जाणूनही त्यांनी ते वाहिले. यावर मी खूप विचार केला आहे. उकिडवे बसायची वेळ पुन्हा आली असती, तर ते निदान स्वतःच्या निर्णयाने बसले असते, एवढाच आधार त्यांना पुरत असावा.

मामी २०१६ मध्ये गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी मला गाडी काढायला सांगितली, रिव्हॉल्व्हर आणि परवाना घेतला आणि शस्त्रांच्या परवानाधारक विक्रेत्याकडे जाऊन ते सहा महिन्यांसाठी ठेवून आले. मी कारण विचारले नव्हते. परतताना त्यांनीच सांगितले, “घर रिकामे झाले आहे आणि ते कपाटात आहे. दोन्ही एकत्र नकोत.” अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतल्या २६,३२८ जणांनी स्वतःचा जीव घेतला होता. हे आकडे मी पुढे वाचले तेव्हा मला त्या दुपारचा मामांचा चेहरा दिसला. परक्यापासून वाचण्यासाठी घेतलेली वस्तू सर्वांत जवळ असते ती स्वतःच्याच, हे त्यांनी कोणी न सांगता ओळखले होते. टेक्सासमध्ये भावाला मी हा प्रसंग सांगितला. त्याला तो ठाऊक नव्हता. तो उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिला.

आमच्याकडे कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हे मला योग्य वाटते. मात्र कायद्याच्या आधी आमच्याकडे आणखी एक गोष्ट होती आणि ती विरळ होत चालली आहे. माझ्या लहानपणी साखळी गावच्या आमच्या आळीत रात्री कोणी ओरडले तर चार कंदील बाहेर येत. आज त्याच आळीत सहा घरांना कुलूप आहे, दोन बंगल्यांचे मालक वर्षातून पंधरा दिवस येतात, उंच फाटकांवर कॅमेरे आहेत. मी एकटी राहते. मागच्या वर्षी रात्री दोन वाजता कोणीतरी माझे मागचे दार हलवून गेले. मी ओरडले, आणि एकाही घरात दिवा लागला नाही. त्या रात्री पहाटेपर्यंत खुर्चीवर बसून मी मामांचा विचार करत होते. सकाळी मी कडी बदलून घेतली आणि शेजारच्या दोन घरांशी बोलून रात्री कोणी कोणाला फोन करायचा हे ठरवले. शस्त्राच्या परवान्यासाठी मी अर्ज केला नाही, आणि करणारही नाही. पण त्या रात्री कोणी मला विचारले असते, तर इतक्या ठामपणे नाही म्हणाले असते का, हे मी सांगू शकत नाही.

मामांनी शेवटची तीन वर्षे रिव्हॉल्व्हर कपाटातच ठेवले. हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी स्वतःच बाळगणे थांबवले. तरी बाकावरून उठताना त्यांचा उजवा हात कमरेला स्पर्श करून येई, आणि आम्हीही त्यांच्या डावीकडेच बसत राहिलो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. परवानाधारक गेल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. भाऊ परत टेक्सासला गेला होता, म्हणून ते काम माझ्याकडे आले. ठाण्यावर फोन करून कळवले, परवान्याची वही आणि मृत्यूचा दाखला घेतला, भावाने फोनवर सांगितले तसे चक्र उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे दोनदा पाहिले, काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवली आणि रिव्हॉल्व्हर मामींच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून कापडी पिशवीत घातले. पिशवी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली.

घरापासून ठाण्यापर्यंत नऊ किलोमीटर. पाऊस कोसळत होता आणि म्हादई तांबडी होऊन वाहत होती. माझे दोन्ही हात चाकावर होते, पण लक्ष डावीकडच्या पिशवीवर होते. समोरून येणारा प्रत्येक दुचाकीस्वार मला आधी दिसला तो त्याच्या हातांसकट. एका वळणावर छत्री घेतलेली एक बाई उभी होती, पायाशी दोन पिशव्या, हात पुढे केलेला. या रस्त्यावर मी गेली तीस वर्षे अशा बायकांना गाडीत घेत आले आहे. कित्येकींची नावे, त्यांच्या मुलांच्या इयत्ता मला माहीत आहेत. पुढच्या सीटवर पिशवी होती, मागची सीट मोकळी होती. मी वेग कमी केला, तिच्याकडे पाहिले, आणि थांबले नाही. आरशात तिचा हात खाली जाताना दिसला.

ठाण्यात हवालदाराने नंबर ताडून पाहिला, नोंदवहीत लिहिले आणि पावती दिली. परतताना मी त्या वळणावर गाडी हळू केली. तिथे कोणी नव्हते. तेवढ्या वेळात कदंबची बस येऊन गेली असावी.